न दिलेलं मडकं

मडकं परत गेलं. सव्वीस वर्षांनी, डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास, सहाव्या मजल्यावरून तळमजल्यावर, जिथून आलं होतं तिथेच ते सुखरूप पोचलं आणि फांग मावशीच्या पायांची सूज उतरायला लागली. आता हे झालंच नाही असं धरून चालायचं. कारण काढ्याचं मडकं परत करत नसतात. परत करणं म्हणजे आजार मालकाच्या दारात नेऊन ठेवणं. ज्याचं मडकं त्याने स्वतः यावं, स्वतःच्या हाताने उचलावं आणि न्यावं, तेही गरज पडली तर. गरज पडू नये असंच सगळ्यांना वाटत असल्यामुळे सुझौ शहरातली निम्मी मडकी भलत्याच घरांत म्हातारी होतात. तेव्हा मडकं परत गेलं नाही. ताओ जुनहेला कुणी विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं, आणि तो शहराच्या तक्रार कक्षात कारकून असल्यामुळे लेखी दिलं असतं.

झालं ते एवढंच, की त्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी सात वाजता, नूडल्सच्या दुकानाकडे जाताना, गल्ली पुलापाशी तीन वाटांना फुटते त्या तिठ्यावर जुनहेचा उजवा पाय कशात तरी बसला. घसरला नाही, रुतला नाही, बसला. माणूस आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसतो तसा. मग बुटाच्या तळातून हळूहळू ऊब वर आली. त्याने खाली बघितलं. मक्याच्या कणसाचे केस, कोहळ्याच्या सालीचे तुकडे, पिवळ्या मुळीचे जिभेसारखे काप, ज्येष्ठमध: काढा गाळून उरलेला चोथा. रस्त्याच्या मधोमध, नीट ओतलेला, अजून वाफाळणारा. असा चोथा त्याने कित्येक वर्षांत बघितला नव्हता. आता औषधाच्या दुकानातलं यंत्रच काढा उकळतं, प्लास्टिकच्या पुड्यांत भरून देतं, आणि चोथ्याचं पुढे काय होतं ते यंत्राला माहीत. पूर्वी तो तिठ्यावर ओतत, म्हणजे येणारेजाणारे तुडवतील आणि आजार थोडाथोडा करून सगळ्या दिशांना निघून जाईल. येणारेजाणारेही काही खुळे नसत. ते वळसा घालून जात. आताही विजेवरच्या दुचाक्या त्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून चालल्या होत्या, आणि भाजीची पिशवी घेतलेली एक बाई मान वळवून म्हणाली, "अहो, तुडवलंत की!" आवाजात काळजी होती, पण दुसऱ्या कुणीतरी तुडवल्याचं समाधानही होतं. जुनहे पाय उचलणार, इतक्यात त्याला त्या चोथ्यात भाताची चार शितं दिसली. तो पाय न उचलता तसाच उभा राहिला. भात म्हणजे काढा राइस कुकरमध्ये उकळला होता. मातीचं मडकं सोडून राइस कुकरमध्ये काढा उकळायचं धाडस या गल्लीत एकाच बाईच्या अंगात होतं, आणि तिच्यावर ती वेळ यायचं कारण असं, की तिचं मडकं सव्वीस वर्षं जुनहेच्या घरी होतं.

नूडल्स त्याने खाल्ल्या. रश्शात मात्र त्याला सगळा वेळ कोहळ्याचा वास येत होता. वासाचं असं असतं, की तो विचारून येत नाही आणि आला की एकटा येत नाही. मागोमाग खोली येते, खोलीची खिडकी येते, खिडकीला नाक लावून बसलेला मुलगा येतो. आठव्या वर्षी जुनहे फुगला होता. आधी पापण्या, मग गाल, मग पावलं. शाळेच्या वार्षिक फोटोत त्याच्या जागी त्याचा कुणी सुखवस्तू काका येऊन बसल्यासारखा दिसतो. हॉस्पिटलने पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि मीठ तोडलं. आईने गोळ्या घेतल्या, मीठ तोडलं आणि त्याला म्याओ वैद्यांकडेही नेलं. म्याओ वैद्यांनी तीन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि एवढा वेळ गप्प राहिले, की जुनहेला वाटलं त्यांना झोप लागली. मग त्यांनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. वैद्य घड्याळाकडे बघावं तसं त्या खळग्याकडे बघत राहिले. "एकवीस," ते शेवटी म्हणाले. एकवीस श्वासांनी खळगा भरला होता. "मूत्रपिंड दमलंय. पाण्याचा कारभार त्याच्याकडे, आणि तेच कामावर येत नाहीये. त्यात भीती राहायला येते ती मूत्रपिंडातच. हा कशाला भितो?"

"सगळ्यालाच," आई म्हणाली.

"सगळी काढायची नाही," वैद्य चिठ्ठी लिहीत म्हणाले. "थोडी ठेवू. अजिबात न भिणारा माणूस रस्ता ओलांडताना बघत नाही. आधी निचरा, मग भर. आणि मातीच्या मडक्यात उकळा. लोखंडात नको, मुळ्यांना राग येतो." मूत्रपिंडात भीती, यकृतात राग, फुप्फुसात दुःख, प्लीहेत काळजी, हृदयात आनंद: परतीच्या बसमध्ये जुनहेने हे सगळं पाठ केलं, आणि माणसाच्या पोटात एवढे भाडेकरू आहेत तर जेवण कुठे मावतं, असं आईला विचारलं. आई मडक्याच्या विचारात होती. घरात मडकं नव्हतं. मडकं विकत आणणं म्हणजे घरात आजाराची कायमची सोय करणं, अशी तिची समजूत. मागून आणणं त्यापेक्षा बरं. ती तळमजल्यावर फांग मावशीकडे गेली. फांग मावशी रेशमाच्या गिरणीत होती. उकळत्या पाण्यात हात घालून कोशांची टोकं शोधायची, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं पांढरी, गुळगुळीत आणि बहिरी झाली होती. विस्तवावरचं भांडं ती फडक्याशिवाय उचलायची. तिने मडकं धुतलं, पुसलं आणि बाहेर येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं. "हे बघ, मी तुला मडकं देत नाहीये," ती म्हणाली. "मी ते इथे ठेवतेय आणि आत जातेय. पाठीमागे काय होतं ते मला काय ठाऊक?" आणि ती खरोखर आत गेली, दार लावून. आई मडकं घेऊन सहा मजले चढली. म्हणजे देण्याच्या वेळीसुद्धा मडकं दिलं गेलं नव्हतं. जे दिलंच नाही ते परत कसं करणार, हा प्रश्न जुनहेला पुढे बऱ्याचदा पडला, विशेषतः मीटिंगांमध्ये.

आई पहाटे साडेपाचला खाली जाऊन तिठ्यावर चोथा ओतून यायची. जुनहे खिडकीत. झोपला की पापण्या जास्त फुगायच्या म्हणून त्याला बसवून ठेवलेलं असायचं. वरून तिठा एखाद्या बशीसारखा दिसायचा, वर दिव्याचा खांब आणि मधोमध तो काळा ढीग. टोफूवाला वळसा घालायचा. निवृत्त मास्तर पँट दोन्ही हातांनी वर उचलून, नदी ओलांडावी तसे बाजूने जायचे. एक पिवळं कुत्रं होतं, ते वास घ्यायचं, विचार करायचं आणि वळसा घालायचं. जुनहे आशेने बघत राहायचा. सगळं शहर आपला आजार न्यायला नाही म्हणतंय हे आठ वर्षांच्या मुलाने रोज सकाळी बघणं काही बरं नाही, पण घरात टीव्ही नव्हता. मग सहा वाजता रात्रपाळी संपवून फांग मावशी सायकल चालवत यायची. तिठ्यापाशी ती उतरायची. सायकल हातात धरायची आणि सरळ त्या ढिगातून चालत जायची. कडेकडेने नाही. मधून. एकदा उजवा पाय, एकदा डावा, मग सायकलची दोन चाकं. पलीकडे गेली की पुन्हा सायकलवर बसायची, आणि तिथून तिचं दार फक्त तीस पावलांवर होतं. पहिल्या दिवशी जुनहेला वाटलं तिला दिसलं नाही. पाचव्या दिवशी वाटलं ती वेंधळी आहे. नवव्या दिवसापासून तो मोजायला लागला, आधीचे आठ धरून. चाळीस झाले. त्यातल्या एका सकाळी आई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. दोघांनी बघितलं. उतरणं, चालणं, बसणं. आई म्हणाली, "चल, दूध पी." घरात दूध नव्हतं.

चाळिसाव्या दिवशी खळगा दोन श्वासांत भरला. त्यानंतर दरवर्षी नववर्षाला आई तांदळाच्या वड्या करून खाली पाठवायची आणि बरोबर काहीही बोलायचं नाही अशी ताकीद द्यायची. "आभार मानले की विषय संपतो," ती म्हणायची. "हा संपवायचा नाही." चार वर्षांपूर्वी आई गेली, पण विषय संपला नाही, वड्या आता जुनहे विकत आणतो, आणि त्या बऱ्या नसतात, आणि फांग मावशी त्या त्याच्यासमोरच चावून दाखवते, म्हणजे त्याला कळावं की बऱ्या नाहीत.

हे सगळं डोक्यात घेऊन तो कचेरीत जाऊन बसला आणि त्याच्या हातून चूक झाली. चूक म्हणजे त्याने काम केलं. तक्रार कक्षात दिवसाला शंभरेक तक्रारी येतात आणि जुनहेची बोटं त्याला न विचारता उत्तरं देतात. "आपण मांडलेली बाब संबंधित विभागाकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात आली आहे." शेजारच्याच्या कोंबड्याबद्दल हेच, पुलाच्या कठड्याबद्दल हेच, आणि एका म्हाताऱ्याने आपल्याला आता कुणी पत्रं लिहीत नाही अशी तक्रार केली होती, तिलाही हेच. त्याच्याकडे दोन महिन्यांनी पोस्टखात्याचा माणूस जाऊन आला म्हणतात. साडेदहाच्या सुमारास एक तक्रार आली: पुलाजवळच्या तिठ्यावर ओला औषधी कचरा, नागरिकांना वळसा घालावा लागतो. जुनहेच्या बोटांनी ती रस्तेसफाईकडे पाठवली, वर 'तातडीचे' असा शिक्का मारला, आणि मग त्याने ती वाचली. पाठवलेली तक्रार परत मागवता येत नाही. त्यासाठी वेगळी तक्रार करावी लागते.

संध्याकाळी तो फांग मावशीच्या दारात उभा राहिला तेव्हा ती खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवून टीव्हीवरचा तमाशा बघत होती. तमाशा म्हणजे हवामानाच्या बातम्या. ती त्यांना हसते. पायांत तिच्या दिवंगत नवऱ्याच्या चपला होत्या, कारण तिच्या स्वतःच्या आता होत नव्हत्या.

"फुग्या," ती मान न वळवता म्हणाली. जुनहे चौतीस वर्षांचा आहे आणि कचेरीत त्याच्या हाताखाली दोघं आहेत. "तिथे उभा राहून वारा आत सोडू नकोस."

"मावशी, तिठ्यावर चोथा कुणी टाकला?"

"मला काय माहीत? गल्लीत माणसं काय थोडी राहतात?"

"त्यात भात होता."

तिने हवामानाचा आवाज बारीक केला. "त्या कुकरला मेल्याला दोनच गोष्टी येतात. भात आणि खीर. मी काढा घातला तर त्याने त्याची खीर केली. वर शिटी वाजवून सांगितलं, झाली म्हणून."

तो स्टुलापाशी खाली बसला आणि न विचारता तिच्या नडगीवर अंगठा दाबला. ती ओरडली नाही. अंगठा उचलला. खळगा राहिला. जुनहे श्वास मोजायला लागला आणि बाराच्या पुढे त्याला आपले श्वास आणि तिचे श्वास वेगळे करता येईनात. वीसला खळगा भरला. तोच खळगा होता. एखादी ओळखीची व्यक्ती सव्वीस वर्षांनी भलत्याच घरात भेटावी, तीच चाल, तेच कपडे, तसा तो खळगा त्याला भेटला. त्याच्या पोटात, कमरेच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, म्याओ वैद्यांनी मुद्दाम शिल्लक ठेवलेली ती थोडी भीती उठून बसली.

"हॉस्पिटलमध्ये गेलीस?"

"गेले. गोळ्या दिल्या, मीठ बंद. मग म्याओकडे गेले. अठ्ठ्याऐंशीचा झालाय, मंगळवार-शुक्रवार बसतो. माझी नाडी बघता बघता झोपला. खरा झोपला, बरं का. मी उठवला. उठून चिठ्ठी लिहिली ती मात्र सरळ. म्हणाला मातीचं मडकं. मी म्हटलं आहे माझं, उसनं गेलंय."

"मी आत्ता घेऊन येतो."

"खबरदार!" ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "माझ्या दारात मडकं आणून ठेवलंस तर तंगडी मोडीन. तुझ्या आईने एवढी वर्षं सांभाळलं ते काय तू एका संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर आजार आणून टाकावास म्हणून?"

"मग नवीन आणतो."

"नवीन मडक्याला काय कळतं? त्याला अजून मुळी आणि मुळा यातला फरक समजायचाय. काढा करणारं मडकं आधी स्वतः वर्षानुवर्षं काढा प्यायलेलं लागतं. आणि तू हे 'आणतो, आणतो' काय लावलंयस? मीच येणार होते न्यायला. दोनदा निघाले. पहिल्या वेळी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले, तिथे बसले, तिथून परत. दुसऱ्या वेळी पहिल्या मजल्यावरच बसले. तिसऱ्या वेळी खुर्चीतून उठलेच नाही, म्हटलं एवढ्यासाठी कशाला जायचं."

त्याला विचारायचं होतं. गेली सव्वीस वर्षं हा प्रश्न तो रोज सकाळी तिच्या दारावरून नेत होता आणि रोज संध्याकाळी परत आणत होता. "मावशी," तो तिच्या पायाकडे बघत म्हणाला, "तेव्हा तू चोथ्यातून मुद्दाम चालायचीस ना?"

"कुठल्या चोथ्यातून? रात्रपाळी करून आलेलं माणूस मी. डोळे उघडे असायचे हेच पुष्कळ. आणि तेव्हा रस्त्यात दिवे कुठे होते?"

तिठ्यावर बरोबर वर दिवा होता. त्याच्या उजेडातच त्याने तिला बघितलं होतं.

"तुला झालंय ते... माझंच तर नाही?"

ती हसली. हसताना तिचं पोट हललं आणि स्टुलावरचे पाय हलले. "सव्वीस वर्षांनी? तुझा आजार काय बोटीने निघाला होता? अरे मी चौऱ्याहत्तरची आहे. मला माझं स्वतःचं काही होऊ देशील की नाही?"

शुक्रवारपर्यंत जुनहेने विचार केला. आजार परत करायचा नाही. मडकं हवंच. मालकाने स्वतः यायचं. मालकाला जिना चढता येत नाही. कचेरीत अशा चार वाक्यांची फाइल आली असती तर त्याने ती संबंधित विभागाकडे पाठवली असती. पण इथे संबंधित विभाग तोच होता, आणि त्याला याचा, कारण न कळता, आनंद झाला. शनिवारी सकाळी नऊ वाजता तो खाली गेला आणि फांग मावशीकडे पाठ करून उकिडवा बसला.

"हे काय?"

"बस. तू स्वतः मडकं न्यायला चालली आहेस."

"तुझ्या पाठीवरून?"

"जिन्यावरून. मी जिन्याचाच भाग आहे असं समज."

तिने बराच वेळ विचार केला. रीतीत कुठे भोक सापडतंय का ते ती बघत असावी. मग तिचे दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती आले. बोटांची ती बहिरी, गुळगुळीत टोकं त्याच्या हनुवटीखाली एकमेकांत अडकली. ती त्याला वाटली होती त्याहून हलकी होती आणि पाय वाटले होते त्याहून जड; जणू सगळी बाई पायांत उतरून राहिली होती. पहिल्या मजल्यावर ती म्हणाली, "हा मजला पूर्वी खाली होता." दुसऱ्यावर दार उघडून शेजारीण बघायला लागली. "काय हो, कुठे?" "वर. मडकं आणायला. तुम्ही बघितलं नाही असं समजा," मावशी म्हणाली. शेजारणीने लगेच दार लावलं, या गल्लीतल्या लोकांना रीत शिकवावी लागत नाही. तिसऱ्या मजल्यावर जुनहेचे गुडघे बोलायला लागले, चौथ्यावर त्याला स्वतःच्या छातीतलं नगाऱ्यासारखं काहीतरी ऐकू यायला लागलं, आणि त्या नगाऱ्याच्या मागे, पाठीतून, दुसरं एक, सावकाश, मधेच एखादा ठोका गाळणारं. सायकल हातात धरून ढिगातून चालणारी बाई आणि तिचं हे हृदय चाळीस सकाळी किती जवळून गेले असतील, आणि तो मात्र काचेमागे. आज पहिल्यांदाच मध्ये काच नव्हती. आपल्याला कुणीतरी उचललेलं असतं, ते खाली ठेवून निघून जातं, आणि आपण मोठे होतो, नोकरी करतो, पण ते उचललेपण अंगातून जात नाही. पाठीवर ओझं घेतलं की ते हलकं होतं. असं काहीसं त्याला वाटलं. शब्दांत नाही. पाचव्या मजल्यावर माणसाला शब्दांत काही वाटत नाही.

"फुग्या, थांब. दमलास."

"जिना दमत नाही."

"मग जिन्याने बोलायचंही नसतं."

मडकं बाल्कनीत, कपाटावर होतं. गेल्या चार वर्षांत जुनहेने त्यात संपलेल्या बॅटऱ्या, पंख्याचं गॅरंटी कार्ड आणि कशाच्याच नसलेल्या तीन किल्ल्या ठेवल्या होत्या. तो ते उतरवायला पुढे झाला तेव्हा तिने पाठीवरून त्याच्या कानाची पाळी पिरगाळली. "हात लावू नकोस. मालक आलीय." तेव्हा तो कपाटापाशी नुसता उभा राहिला, शिडीसारखा, आणि तिने वाकून मडकं स्वतः उचललं, उलटं केलं, बॅटऱ्या त्याच्या डोक्यावरून जमिनीवर पडू दिल्या. मग तिने त्यात नाक घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"तुझी आई," आतून, मडक्याच्या आवाजात ती म्हणाली. "कड राखेने घासायची ती. अजून वास आहे."

जुनहे काही बोलला नाही. जिना होता तो.

उतरताना मडकं तिच्या दोन्ही हातांत, त्याच्या छातीसमोर होतं, आणि प्रत्येक पायरीला ते त्याच्या बरगड्यांवर हलकेच आपटत होतं, कुणीतरी आत आहे का असं विचारत असल्यासारखं. मडकं तिच्या हातात, ती त्याच्या पाठीवर. त्याने मडक्याला बोटही लावलं नव्हतं. पावणेदहाला ते तळमजल्यावर पोचले आणि, आधीच ठरल्याप्रमाणे, काहीही झालं नव्हतं.

चोथा टाकायला मात्र रीतीची हरकत नव्हती. रविवारी पहाटे पाच वाजता जुनहेने तो तिठ्यावर नेऊन ओतला. आता तुडवणारा वाटसरू पाहिजे, आणि वाटसरू अनोळखी असावा लागतो. म्हणून तो मागच्या पुलावरून लांबचा वळसा घेऊन, दुसऱ्या बाजूने, खिशात हात घालून, शीळ वाजवत, कशाचीच कल्पना नसलेल्या माणसासारखा तिठ्याकडे आला. तिठा स्वच्छ होता. ओला, लखलखीत. दिव्याचा खांब त्यात उलटा उभा होता, आणि त्याच्याशेजारी सफाईची गाडी घेऊन बाओ ताई. ताई या भागात अकरा वर्षं झाडते आणि सगळ्यांना कचऱ्यावरून ओळखते.

"ताई, इथे काही होतं का?"

"होतं. उचललं. वरून हुकूम आलाय, 'तातडीचे'. सकाळी सव्वापाचला पहिला हा तिठा, मग बाकीचं शहर. कुण्या कारकुनाने शिक्का मारलाय म्हणे."

"लोकांना तुडवू द्यायचं होतं."

"असं होय?" ताईने गाडीत डोकावून बघितलं. "मग आता तो गाडीत आहे म्हणायचा. जाऊ दे डेपोवर. तिथे आधीच एवढं काय काय आहे, एखाद्या म्हातारीच्या पायांनी काय होतंय?" थोडं थांबून ती म्हणाली, "शितं नव्हती आज. मडकं मिळालं वाटतं फांग मावशीला."

"कुठलं मडकं?" जुनहे म्हणाला.

"अगदी बरोबर," ताई म्हणाली, आणि गाडी ढकलत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तो पावणेपाचला उठायला लागला. ओतायचं, मागच्या पुलावरून पळत जायचं, शीळ, आणि ताई यायच्या आत ढिगाच्या मधून: उजवा पाय, डावा पाय. सायकल त्याच्याकडे नव्हती. त्याने छत्रीचं टोक तेवढं टेकवलं. नवव्या दिवशी खळगा तेरा श्वासांत भरला. हॉस्पिटलच्या गोळ्या, मीठ बंद, कोहळ्याची साल, म्याओ वैद्यांची सरळ चिठ्ठी, जुनं मडकं की त्याचे बूट, यातलं नेमकं कशाने, हे हॉस्पिटललाही सांगता आलं नसतं आणि त्याला विचारायचंही नव्हतं. सगळ्यांनी थोडंथोडं केलं असावं. हिवाळी अयनाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रीच्या संध्याकाळी, सगळं शहर बाटल्या घेऊन ओसमांथसच्या फुलांच्या गोड दारूसाठी रांगेत उभं असताना, तो तिच्याकडे डंपलिंग घेऊन गेला तेव्हा खळगा नऊवर आला होता आणि तिच्या पायांत तिच्या स्वतःच्या चपला होत्या. टाचा बाहेर होत्या, पण चपला तिच्या. "सूज गेली की म्याओ हिवाळ्याचा अवलेह देणार आहे," ती म्हणाली. "काळे तीळ, अक्रोड, बोरं. आधी निचरा, मग भर. शेवटच्या 'भर'ला तो जागा राहिला म्हणजे मिळवली." मग ती त्याच्या बुटांकडे बघत राहिली. बुटांच्या शिवणीत मक्याचे केस अडकले होते.

"पहाटे कुठे जातोस रे?"

"रात्रपाळी," जुनहे म्हणाला. "डोळे उघडे असतात हेच पुष्कळ. काही दिसत नाही."

फांग मावशीने एक डंपलिंग त्याच्या वाडग्यात टाकलं, मग अजून एक, मग आपल्या वाडग्यातली सगळीच. त्याला कमरेच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, ऊब वाटली. भीती तिथेच होती; तिच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं होतं, एवढंच.

पण एका माणसाच्या पायांनी किती जाणार? जुनहे त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत यावर विचार करत बसला. शहरात सव्वा कोटी माणसं. प्रत्येकाने नेला तर एकेकाच्या वाट्याला डास चावल्याएवढीही सूज येणार नाही. एखाद्याची चप्पल दुपारी जरा घट्ट होईल आणि संध्याकाळपर्यंत तो विसरेल. रीत यासाठीच असावी. चाळीस सकाळी एकटीने चालावं यासाठी ती नव्हती. त्याने डबा बाजूला सारला, कचेरीचाच एक कोरा अर्ज घेतला, आणि त्याच्या बोटांनी या वेळी त्याला विचारून लिहिलं:

"प्रति, विभागप्रमुख, रस्तेसफाई. विषय: पुलाजवळील तिठ्यावरील चोथा न उचलण्याबाबत. महोदय, 'तातडीचे' असा शिक्का मारून आपल्याकडे पाठवण्यात आलेली तक्रार अर्जदाराच्या हातून गेली असून त्याबद्दल तो दिलगीर आहे. सदर चोथा रोज पहाटे पाच ते सकाळी साडेआठ या वेळेत जागेवर राहू द्यावा, तसेच सर्व नागरिकांनी वळसा न घालता त्यावरून सरळ चालत जावे, असे आदेश व्हावेत. या अर्जाचे उत्तर अर्जदारालाच लिहावे लागणार आहे व ते काय असेल याची त्याला पूर्ण कल्पना आहे. सोबत बुटांचा एक जोड, न धुतलेला, पुराव्यादाखल जोडला आहे. वरील मागणी मान्य करणे शक्य नसल्यास, सव्वीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात याच ठिकाणी चाळीस दिवस रोज सकाळी सहा वाजता सायकलवरून उतरून चालत गेलेल्या महिलेने जे काही उचलून नेले असेल, ते सर्व तिच्या नावावरून कमी करून, मागील तारखेपासून, अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावे, ही नम्र विनंती."